विंडोज अपडेटनंतरच्या अडचणी आणि सुरक्षा दुरुस्त्या: मराठवाड्यातल्या सेवा केंद्रांसाठी, शाळांसाठी आणि ग्रामपंचायतींसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरपासून हिंगोलीपर्यंत सेवा केंद्रात, शाळेच्या लॅबमध्ये किंवा ग्रामपंचायतीत बसणाऱ्या ऑपरेटरचं काम विंडोज, प्रिंटर, थंब मशीन आणि डीएससी डोंगल (डिजिटल सहीचं यूएसबी टोकन) या चौघांच्या जुळणीवर चालतं. नवीन विंडोज किंवा महिन्याचं अपडेट आलं की यातलं एखादं अडतं, आणि मग कुणीतरी सल्ला देतं की "अपडेट कायमचं बंदच करून टाका". हे पान त्या सल्ल्याला उत्तर म्हणून लिहिलं आहे. अपडेट काही दिवस थांबवता येतं, चुकलेलं मागे घेता येतं, पण बंद करायचं नसतं.

आज्ञा आणि मेनूंची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत, कमांड प्रॉम्प्ट "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" करून टाकायची.

माझ्या मशीनवर नेमकं कोणतं विंडोज आहे?

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, "विनव्हर" टाइप करून एंटर मारा. बिल्ड क्रमांक १९०४५ असेल तर ती विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आहे. विंडोज ११ मध्ये २२६३१ म्हणजे २३एच२, २६१०० म्हणजे २४एच२ आणि २६२०० म्हणजे २५एच२. बिंदूनंतरचा आकडा कोणत्या महिन्याचं अपडेट बसलं आहे ते सांगतो. फोनवर कुणाची मदत मागायची असेल तर "विंडोज ११ आहे" एवढं सांगून भागत नाही, हे दोन्ही आकडे सांगा. एकच अडचण २३एच२ वर असते आणि २४एच२ वर नसते, असं बऱ्याचदा होतं.

सुरक्षा दुरुस्त्या कधी येतात?

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी १० वाजता त्या सुटतात, तेव्हा आपल्याकडे मंगळवारी रात्रीचे साडेदहा (त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा) वाजलेले असतात. म्हणून बुधवारी सकाळी सेंटर उघडलं की मशीन जड चालतं आणि रीस्टार्ट मागतं. फार गंभीर छिद्र (सुरक्षेतली त्रुटी) सापडलं किंवा अपडेटनेच मोठा बिघाड केला, तर मधल्या कोणत्याही दिवशी जादा अपडेट येतं.

महिन्याच्या शेवटी जे "प्रीव्ह्यू" नावाचं अपडेट दिसतं ते ऐच्छिक असतं. त्यात नवी सुरक्षा दुरुस्ती नसते, पुढच्या महिन्यात येणाऱ्या बदलांची ती चाचणी असते. कामाच्या मशीनवर प्रीव्ह्यू टाकू नका.

महिन्याचं अपडेट साठत जाणारं असतं. तीन महिने राहिले असतील तर फक्त शेवटचं बसवा, आधीच्या दुरुस्त्या त्यातच येतात.

मग अपडेट लगेच टाकायचं की थांबायचं?

दोन किंवा जास्त मशीन असतील तर एक मशीन चाचणीचं ठरवा. त्यावर बुधवारीच अपडेट घ्या आणि चार गोष्टी करून पाहा: एक प्रिंट, एक स्कॅन, एक अंगठा, एक डिजिटल सही. चारही जमलं तर शनिवार-रविवारपर्यंत बाकीची मशीन उरकून घ्या. एकच मशीन असेल तर पाच-सात दिवस थांबायला हरकत नाही. बहुतेक मोठे बिघाड तेवढ्या काळात उघड होतात.

थांबवण्यासाठी: सेटिंग्ज, विंडोज अपडेट, पॉज अपडेट्स. विंडोज ११ मध्ये ५ आठवड्यांपर्यंत आणि विंडोज १० मध्ये ३५ दिवसांपर्यंत थांबवता येतं. मुदत संपली की आधी अपडेट घ्यावंच लागतं, त्याशिवाय पुन्हा पॉज होत नाही.

एक अपवाद आहे. ज्या छिद्राचा वापर करून हल्ले सुरू झाले आहेत असं मायक्रोसॉफ्ट किंवा आपली सर्ट-इन ही सायबर सुरक्षा संस्था सांगते, तिथे सात दिवस थांबू नका. चाचणी करा आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे टाका.

वर्षातले कोणते दिवस टाळावेत?

जून-जुलै. दहावी-बारावीच्या निकालानंतर उत्पन्नाचे, जातीचे आणि नॉन-क्रिमिलेयरचे दाखले काढायला रांग लागते, त्याच्या मागोमाग खरीप पीक विम्याची मुदत येते. या दोन महिन्यांत महिन्याचं सुरक्षा अपडेट घ्या, पण २४एच२ वरून २५एच२ सारखी आवृत्ती बदलू नका. आठवडी बाजाराच्या दिवशीही नको.

सप्टेंबर सोयीचा आहे. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या मधे येतो आणि १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी असते. ध्वजवंदनानंतरचा दिवस लॅबची सगळी मशीन अपडेट करायला मोकळा मिळतो, आणि तोवर त्या महिन्याच्या अडचणीही कळलेल्या असतात.

अपडेट चालू असताना लाईट गेली तर?

कोणत्या टप्प्यावर गेली त्यावर अवलंबून आहे. डाउनलोड चालू असताना गेली तर काहीच होत नाही, उरलेलं नंतर उतरतं. निळ्या-काळ्या पडद्यावर टक्के मोजत असताना गेली तर मशीन परत चालू केल्यावर बहुधा "अनडुइंग चेंजेस" म्हणतं. याला अर्धा-पाऊण तास लागू शकतो, हार्ड डिस्क जुनी असेल तर त्याहून जास्त. या वेळी वैतागून पॉवर बटण दाबणं सगळ्यात घातक. मशीन बहुतेक वेळा इथेच बिघडतं, लाईट गेल्यामुळे नव्हे.

खरा धोका बायोस किंवा फर्मवेअरच्या (मदरबोर्डच्या आतल्या मूळ प्रोग्रामच्या) अपडेटचा. तेही आता विंडोज अपडेटमधून येतं, विशेषतः लॅपटॉप आणि कंपनीच्या डेस्कटॉपवर. ते अर्धवट राहिलं तर मदरबोर्ड दुरुस्तीला न्यावा लागतो. "ऑप्शनल अपडेट्स" मध्ये फर्मवेअर दिसलं तर यूपीएसची बॅटरी चांगली असल्याची खात्री असल्याशिवाय ते निवडू नका. ६०० व्हीएचा यूपीएस नवीन बॅटरीवर एक डेस्कटॉप साधारण दहा-पंधरा मिनिटं ओढतो. दोन-तीन उन्हाळे काढलेल्या बॅटरीवर तो दोन मिनिटंही टिकत नाही. तपासणं सोपं आहे: मशीन रिकामं चालू ठेवून यूपीएसचा प्लग काढा आणि घड्याळ लावा.

भारनियमनाचं वेळापत्रक माहीत असेल तर "ॲक्टिव्ह अवर्स" मध्ये तुमचे कामाचे तास टाका, म्हणजे मशीन मधेच रीस्टार्ट होणार नाही, आणि रीस्टार्ट वीज नक्की असेल तेव्हा हाताने करा.

अपडेटनंतर मशीन सुरूच होत नाही. फॉरमॅट मारावं का?

नाही, आधी हे करा. विंडोज सुरू होताना पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा झालं की मशीन आपोआप दुरुस्तीच्या पडद्यावर जातं. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स असं जाऊन "लेटेस्ट क्वालिटी अपडेट" काढा. महिन्याच्या अपडेटमुळे बिघाड झाला असेल तर बहुतेक वेळा एवढ्याने मशीन उठतं आणि फायली जशाच्या तशा राहतात.

१४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटने (क्रमांक केबी५०६६८३५) नेमकी हीच वाट अडवली होती: विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ मध्ये दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. २० ऑक्टोबरला केबी५०७०७७३ हे जादा अपडेट काढून ते दुरुस्त झालं. त्या काळात गोल पिनचा पीएस/२ कीबोर्ड असलेल्या जुन्या मशीनवर काम होत होतं. लॅबमध्ये असा एखादा कीबोर्ड पडून असेल तर भंगारात देऊ नका.

मशीन सुरू होतं पण त्रास देतं, अशा वेळी सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्ट्री, अनइन्स्टॉल अपडेट्स या वाटेने तेच करता येतं. काढल्यावर लगेच पॉज लावा, नाहीतर रात्रीतून तेच अपडेट परत बसेल.

संपूर्ण आवृत्ती बदलली आणि पश्चात्ताप होतोय. मागे जाता येतं का?

१० दिवसांच्या आत येतं. सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, गो बॅक. या काळात डिस्क क्लीनअप चालवून "विंडोज डॉट ओल्ड" फोल्डर उडवू नका, परतीचा रस्ता त्यातच आहे. मुदत वाढवायची असेल तर आवृत्ती बदलल्यावर लगेच "डिझम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:३०" ही आज्ञा द्या. कमाल ६० दिवस.

अपडेटनंतर शेअर केलेला प्रिंटर चालत नाही, ११बी ने संपणारा एरर येतो. इंटरनेटवर रजिस्ट्रीतला (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीतला) आकडा शून्य करायला सांगतात. करावा का?

करू नका. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर.

जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधलं (छपाईची रांग सांभाळणाऱ्या सेवेतलं) "प्रिंटनाइटमेअर" हे छिद्र गाजलं (छिद्रांच्या यादीतला क्रमांक सीव्हीई-२०२१-३४५२७). नेटवर्कवरचा कुणीही साधा वापरकर्ता प्रिंटर ड्रायव्हरच्या नावाखाली आपला प्रोग्राम सर्वोच्च अधिकाराने चालवू शकत होता. ६ जुलै २०२१ ला मायक्रोसॉफ्टने ठरलेल्या मंगळवारची वाट न पाहता दुरुस्ती सोडली. ऑगस्टमध्ये पुढचं पाऊल आलं: शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला ॲडमिनचा पासवर्ड लागू लागला. सप्टेंबरमध्ये सीव्हीई-२०२१-१६७८ या वेगळ्या छिद्रासाठी प्रिंटरशी होणारं बोलणं कूटबद्ध असणं सक्तीचं झालं, आणि तिथून ११बी सुरू झाला. एक मशीन नवीन भाषेत बोलतं, दुसरं जुन्या, म्हणून जोडणी तुटते.

"आरपीसीऑथएनलेव्हलप्रायव्हसीएनेबल्ड" हा रजिस्ट्रीतला आकडा शून्य केला की प्रिंट निघते, कारण ती सक्तीच उठते. म्हणजे भोक बुजवलं होतं ते तुम्ही हाताने परत पाडलं. ज्या सेंटरमध्ये लोकांचे आधार आणि सातबारे स्कॅन होतात तिथे हे परवडणारं नाही.

त्याऐवजी, याच क्रमाने:

आधी दोन्ही मशीन एकाच महिन्याच्या अपडेटवर आणा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

प्रिंटरला लॅन किंवा वायफाय असेल तर शेअरिंगचा नाद सोडा. प्रिंटरच्या पॅनलवरून किंवा राउटरमधून त्याला कायमचा आयपी पत्ता द्या. प्रत्येक मशीनवर कंपनीचा ड्रायव्हर बसवून "स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट" ने प्रिंटर जोडा. ज्या मशीनला प्रिंटर लटकला होता ते बंद असलं तरी बाकीच्यांची प्रिंट निघते, हा जादा फायदा.

प्रिंटर फक्त यूएसबीचा असेल तर दुसऱ्या मशीनवर आधी ड्रायव्हर ॲडमिन म्हणून हाताने बसवा. मग ॲड प्रिंटरमध्ये "लोकल पोर्ट" निवडा आणि पोर्टच्या नावात दोन उलट्या तिरक्या रेघा, पहिल्या मशीनचं नाव, एक उलटी रेघ आणि प्रिंटरचं शेअर नाव टाका.

प्रिंट अडकून रांग साचली असेल तर सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर थांबवा, विंडोज फोल्डरमधल्या सिस्टम३२, त्यातल्या स्पूल आणि त्यातल्या प्रिंटर्स फोल्डरमधल्या फायली पुसा (फोल्डर नाही) आणि स्पूलर चालू करा.

प्रिंटर आपोआप कागद ओढून निरर्थक इंग्रजी अक्षरं छापत होता. व्हायरस होता का?

२०२५ च्या सुरुवातीचं असेल तर नाही. २९ जानेवारी २०२५ च्या प्रीव्ह्यू अपडेटपासून विंडोज १० आणि विंडोज ११ च्या २२एच२, २३एच२ वर यूएसबीने जोडलेले काही प्रिंटर "पोस्ट आयपीपी प्रिंट" अशा ओळीने सुरू होणारा मजकूर छापत होते. यूएसबी आणि आयपीपी अशा दोन्ही पद्धतींनी बोलणाऱ्या प्रिंटरलाच हे होत होतं. नेटवर्कवरची आज्ञा कागदावर उतरत होती एवढंच. मार्च २०२५ अखेरच्या अपडेटमध्ये ते दुरुस्त झालं. अजूनही होत असेल तर मशीन तेव्हापासून अपडेटच झालेलं नाही, आणि तुमची खरी अडचण ती आहे.

२४एच२ टाकल्यापासून झेरॉक्स मशीनचं स्कॅन फोल्डरमध्ये येत नाही.

२४एच२ च्या प्रो आवृत्तीत दोन नियम बदलले. एक, नेटवर्कवरच्या फाइल शेअरिंगमध्ये प्रत्येक संदेशावर सही असणं सक्तीचं झालं. दोन, पासवर्डशिवाय "गेस्ट" म्हणून शेअर उघडणं बंद झालं. आपल्याकडे बहुतेक झेरॉक्स मशीन "एव्हरीवन" ला मोकळ्या ठेवलेल्या फोल्डरमध्ये बिनपासवर्डचं स्कॅन टाकायला लावलेली असतात. ती अडली.

उपाय: संगणकावर "स्कॅन" नावाचा साधा लोकल वापरकर्ता तयार करा, त्याला पासवर्ड द्या, फोल्डर फक्त त्याच्या नावाने रीड-राइट शेअर करा आणि हेच नाव-पासवर्ड झेरॉक्स मशीनच्या ॲड्रेस बुकमध्ये भरा. मशीनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये एसएमबी (फाइल शेअरिंगची पद्धत) २ किंवा ३ चालू करा; सोय दिसत नसेल तर सर्व्हिस इंजिनिअरकडून फर्मवेअर अपडेट करून घ्या. मशीन फक्त एसएमबी १ च बोलत असेल तर स्कॅन पेनड्राइव्हवर घ्या. विंडोजमध्ये एसएमबी १ चालू करू नका. १२ मे २०१७ चा वॉनाक्राय हल्ला याच जुन्या एसएमबीतून पसरला, आणि त्याची दुरुस्ती १४ मार्चलाच, म्हणजे जवळपास दोन महिने आधी आलेली होती. ज्यांनी अपडेट बंद ठेवलं होतं ते सापडले.

यूएसबीने जोडलेला ऑल-इन-वन स्कॅनर २४एच२ ला दिसतच नसेल तर तो वेगळा दोष. ईएससीएल ही स्कॅनिंगची पद्धत वापरणाऱ्या उपकरणांना तो बाधत होता आणि डिसेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये दुरुस्त झाला.

डीएससी डोंगलने सही होत नाही. अपडेटमुळे का?

आधी तीन साध्या गोष्टी पाहा. प्रमाणपत्राची मुदत संपली आहे का? टोकनच्या, म्हणजे डोंगलच्या, सॉफ्टवेअरमध्ये प्रमाणपत्र दिसतं का? मशीनची तारीख बरोबर आहे का?

तिसरी गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपला की प्रत्येक वेळी लाईट गेल्यावर तारीख मागे जाते. मग सही नाकारली जाते, शासकीय संकेतस्थळं "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतात आणि विंडोज अपडेट ०एक्स८००७२एफ८एफ देतं. घड्याळाच्या दुकानात मिळणारा हा सेल बदलणं हाच त्यावर उपाय.

हे सगळं ठीक असेल आणि त्रास ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर कारण खरंच अपडेट असू शकतं. सीव्हीई-२०२४-३००९८ ची दुरुस्ती म्हणून विंडोजने स्मार्ट कार्डवरच्या (डोंगलही त्यातच मोडतं) आरएसए प्रमाणपत्रांसाठी जुनी सीएसपी पद्धत सोडून केएसपी ही नवी पद्धत सक्तीची केली. त्यामुळे ३२ बिटच्या काही प्रोग्रामना टोकन ओळखता येईना आणि "इनव्हॅलिड प्रोव्हायडर टाइप" असा एरर यायला लागला. योग्य उपाय टोकन कंपनीचा नवीन ड्रायव्हर आणि सही करणाऱ्या युटिलिटीची नवीन आवृत्ती. ती मिळेपर्यंत ग्रामपंचायतीची देयकं थांबत असतील, तर रजिस्ट्रीत लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, क्रिप्टोग्राफी, कॅलेस या ठिकाणी "डिसेबलकॅपीओव्हरराइडफॉरआरएसए" हा आकडा शून्य करून मशीन रीस्टार्ट करता येतं. आधी रजिस्ट्रीची प्रत काढा. ही तात्पुरती सवलत आहे, मायक्रोसॉफ्टने ती पुढे काढून घेणार असल्याचं जाहीर केलं आहे. ड्रायव्हर मिळाला की आकडा परत १ करा.

थंब मशीन जोडलेलं दिसतं, पण पोर्टलला सापडत नाही.

थंब मशीनची आरडी सर्व्हिस (अंगठा पोर्टलपर्यंत पोहोचवणारा प्रोग्राम) तुमच्याच मशीनवर ११,१०० ते ११,१२० या पोर्टांपैकी एकावर चालते आणि ब्राउझर तिला तिथे शोधतो. अपडेटनंतर सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती "रनिंग" आहे का आणि स्टार्टअप "ऑटोमॅटिक" आहे का ते पाहा. ती चालू असूनही सापडत नसेल तर ब्राउझर तपासा. ऑक्टोबर २०२५ अखेरच्या क्रोम १४२ पासून एखादं संकेतस्थळ तुमच्या मशीनवरच्या किंवा स्थानिक नेटवर्कवरच्या सेवेशी बोलू पाहतं तेव्हा क्रोम परवानगी विचारतो. घाईत "ब्लॉक" दाबलं गेलं की पुढे विचारतही नाही. पत्त्याच्या डावीकडच्या खुणेवर दाबून साइट सेटिंग्जमध्ये लोकल नेटवर्कची परवानगी द्या. ती फक्त त्या शासकीय किंवा बँकेच्या पोर्टललाच द्या.

अपडेटनंतर निळा पडदा आला आणि ४८ अंकी की मागतोय.

ही बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क कूटबद्ध करणाऱ्या सोयीची, रिकव्हरी की. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर आणि मे २०२५ मध्ये काही विंडोज १० मशीनवर अपडेटच्या दोषामुळे हा पडदा आला होता. दोन्ही वेळा दुरुस्ती आली, पण की असल्याशिवाय मशीन उघडत नव्हतं.

"मी बिटलॉकर लावलंच नाही" असं बहुतेक जण सांगतात. २४एच२ नव्याने टाकताना मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कूटबद्ध होते, होम आवृत्तीतसुद्धा, आणि की त्या खात्यात साठते. आता मुद्दा असा की विंडोज टाकून देणारा दुकानदार बऱ्याचदा स्वतःच्याच खात्याने लॉगिन करतो. म्हणजे तुमच्या मशीनची की त्याच्या खात्यात. विंडोज टाकून घेताना स्वतःचं खातं वापरा, त्याच दिवशी मायक्रोसॉफ्ट खात्याच्या डिव्हाइसेस पानावर की आली का ते पाहा आणि कागदावर उतरवून दाखल्यांच्या फायलीपासून वेगळ्या जागी ठेवा. की हरवली तर डिस्कवरचा मजकूर कुणालाही परत काढता येत नाही.

केबी५०३४४४१ हे अपडेट पुन्हा पुन्हा करूनही बसतच नाही, ०एक्स८००७०६४३ येतो.

जानेवारी २०२४ चं हे अपडेट दुरुस्तीच्या विभाजनासाठी (रिकव्हरी पार्टिशन) होतं आणि त्याला तिथे २५० एमबी मोकळी जागा लागते. जुन्या मशीनवर ते विभाजनच ५०० एमबीचं असल्यामुळे जागा कमी पडते आणि विंडोज तसं न सांगता हा भलताच आकडा दाखवतं. ज्या छिद्रासाठी हे अपडेट होतं ते बिटलॉकर चुकवण्याबद्दलचं आहे. डिस्क कूटबद्ध नसेल तर तुम्हाला ते लागू नाही. अपडेट अडलेलं राहू द्या. कूटबद्ध असेल तर सी ड्राइव्ह २५० एमबीने आकसून रिकव्हरी विभाजन मोठं करावं लागतं. ते बॅकअप घेतल्याशिवाय आणि डिस्कपार्टची (डिस्कचे भाग बदलणाऱ्या आज्ञेची) सवय असल्याशिवाय करू नका, एक चुकीचा क्रमांक निवडला की सगळी डिस्क जाते.

सी ड्राइव्हवर "आयनेटपब" नावाचं रिकामं फोल्डर आलं आहे. पुसू का?

पुसू नका. एप्रिल २०२५ च्या अपडेटने ते मुद्दाम तयार केलं, तो सीव्हीई-२०२५-२१२०४ च्या दुरुस्तीचा भाग आहे. पुसलं असेल तर "टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ" मधून इंटरनेट इन्फर्मेशन सर्व्हिसेस चालू करा. फोल्डर योग्य परवानग्यांसह परत येतं, मग ती सेवा बंद केली तरी चालते.

नवीन विंडोज टाकल्यावर मंगल फॉन्ट गायब, जुनी पत्रं वेडीवाकडी दिसतात.

विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट मूळ संचात नाहीत. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्स उघडून "देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स" जोडा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली जुनी पत्रं युनिकोड नसतात; त्यांचे फॉन्ट वेगळे बसवावे लागतात. फॉरमॅट मारण्याआधी फॉन्ट्स फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घेणं केव्हाही चांगलं.

लॅबसाठी पेनड्राइव्ह बनवून ठेवला होता. त्यावरून टाकलेल्या मशीनना अपडेटच येत नाही.

तो २४एच२ चा आणि ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटसह बनवलेला असेल तर हा माहीत असलेला दोष आहे. अशा संचातून बसवलेलं विंडोज पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या स्वीकारत नाही. डिसेंबर २०२४ नंतरच्या संचाने पेनड्राइव्ह नव्याने बनवा आणि त्या मशीनवर पुन्हा विंडोज टाका.

हॉटस्पॉटवर दहा मशीन अपडेट करायची म्हणजे डेटा संपतो.

एका मशीनवर उतरवा, बाकीच्यांना त्याच्याकडून घेऊ द्या. विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन इथे "डिव्हाइसेस ऑन माय लोकल नेटवर्क" निवडा. पर्याय इंटरनेटवरच्या मशीनचाही असतो, तो निवडू नका, त्यात तुमचाच डेटा बाहेर जातो. हॉटस्पॉटला "मीटर्ड कनेक्शन" लावल्यावर अपडेट आपोआप उतरणं थांबतं. पण महिन्यातून एकदा ते काढायची आठवण कुणाच्या तरी नावाने ठरवून ठेवा.

आमची मशीन विंडोज १० चीच आहेत. आता काय?

विंडोज १० चा आधार (मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २२एच२ असलेल्या वैयक्तिक मशीनना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात: विंडोज बॅकअपने सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवून विनाशुल्क, किंवा १,००० रिवॉर्ड पॉइंट देऊन, किंवा एकदा ३० डॉलरच्या मोबदल्यात. एका परवान्यावर १० मशीन चालतात. संस्थांसाठी पहिल्या वर्षाचा दर मशीनमागे ६१ डॉलर आणि शैक्षणिक संस्थांसाठी १ डॉलर आहे. शाळांनी हा १ डॉलरचा पर्याय पुरवठादाराकडे आवर्जून मागावा.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. अट चुकवून टाकून देणारे खूप आहेत, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि फार जुन्या कोअर टू ड्युओवर २४एच२ सुरूच होत नाही. विद्यार्थ्यांच्या सरावासाठीच्या अशा मशीनवर उबंटू किंवा लिनक्स मिंट टाका. डोंगल आणि थंब मशीनचं काम मात्र चालू आधार असलेल्या विंडोजवरच ठेवा.

क्रॅक मारलेल्या विंडोजला अपडेट येतं ना, मग काय बिघडलं?

क्रॅक चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच उत्तर आहे. तो प्रोग्राम ॲडमिनच्या अधिकाराने चालतो आणि डिफेंडरच्या (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या) अपवादांत स्वतःचं नाव घालून ठेवतो. त्यानंतर कितीही दुरुस्त्या आल्या तरी दार आतून उघडं असतं. विंडोज सिक्युरिटीमध्ये "एक्सक्लुजन्स" उघडून पाहा. तुम्ही न टाकलेलं काही तिथे दिसलं तर त्या मशीनवर बँकिंग आणि डीएससी वापरू नका, स्वच्छ संचातून विंडोज टाका.

फायलींची नावं बदलली, पैसे मागणारी चिठ्ठी आली. पहिल्या तासात काय करायचं?

लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा, जोडलेले पेनड्राइव्ह आणि बॅकअपची हार्ड डिस्क लगेच उपटा. मशीन फॉरमॅट मारू नका. चिठ्ठीचा फोटो आणि बिघडलेल्या दोन-तीन फायली वेगळ्या ठेवा, त्यावरून सोडवण्याचं साधन उपलब्ध आहे का ते कळतं. "नो मोअर रॅन्सम" या प्रकल्पाच्या संकेतस्थळावर अशी साधनं विनाशुल्क मिळतात. दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून पोर्टलचे, बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तक्रार करा. शासकीय कार्यालयांनी आणि कंपन्यांनी अशी घटना कळल्यापासून ६ तासांच्या आत सर्ट-इनला कळवणं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीने हे गटविकास अधिकाऱ्यांना त्याच वेळी लेखी कळवावं. डीएससी डोंगल त्या मशीनला लावलेलं असेल तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून ते त्याच दिवशी रद्द करून घ्या.